नकाशातली मोकळी जागा

दशरथ,

तुझ्या घरी बसायला आलो तेव्हा सगळ्यात आधी माझं लक्ष गेलं ते मागच्या भिंतीला आलेल्या ओलीकडे. खालून वीतभर वर चढली आहे. बाहेरची नाली तुंबली असणार आणि पाणी जोत्यात मुरत असणार. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन समोर बसल्या होत्या, वडनेर भोलजीला दिलेली तुझी लेक आल्यागेल्याला पाणी देत होती, आणि मी भिंत बघत होतो. तू असतास तर म्हणाला असतास, "मौतीले आला का मोजमाप कराले आला बे?" मी म्हणालो असतो, दोन्हीला.

निरोप मिळाला तेव्हा मी सुलतानपूरला शाळेच्या खोल्यांच्या कामावर होतो. एस.टी. बदलत बदलत पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेरवीपर्यंत दोनदा येऊन गेलो. लोकांनी तुझ्याबद्दल जे बोलायचं असतं ते बोलून घेतलं. दशरथ मोठ्या मनाचा, दशरथ कुणाला दुखावणारा नाही, दशरथाचा हात मागावर बसला की लुगड्याला गाठ सापडायची नाही. मला त्यात भर घालायची नाही. तू चांगला होतास हे तुला माहीत होतं, आणि जरा जास्तच माहीत होतं.

मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती तुला सांगायची राहिली. राहिली म्हणजे वेळ मिळाला नाही असं नाही. वेळ भरपूर होता, मी टाळली. आपल्या लाईनीत नवी घरं बांधली तेव्हाची ही गोष्ट. मला क्रमाने लिहायची सवय आहे, त्यामुळे तुला पाठ असलेलंही काही लिहीन. तेवढं सोसून घे. जिवंतपणी तू माझं बोलणं मध्येच तोडायचास, आता ते जमणार नाही.

देऊळगाव राजाच्या बाहेर, जालन्याच्या रस्त्याला लागून, एका सुताच्या व्यापाऱ्यानं कधीकाळी विणकरांसाठी खोल्यांच्या दोन रांगा बांधल्या. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. प्रत्येक खोलीत जमिनीत खणलेला मागाचा खड्डा. त्यात पाय सोडून, पावड्या दाबत, माणूस जन्मभर बसायचा आणि उरलेल्या जागेत त्याचा संसार चालायचा. दोन रांगांच्या मध्ये लांबच लांब, अंगणासारखी रुंद, सरळ गल्ली. तू तिसऱ्या खोलीत जन्मलास, मी सातव्या. आपण मोठे होईपर्यंत व्यापारी गेला होता आणि त्याच्या वारसांनी लाईनीकडे बघायचं सोडलं होतं. धाब्यावर गवत उगवायचं. पावसाळ्यात घरातली सगळी भांडी गळतीखाली लागलेली असायची, स्वयंपाकाला पातेलं शिल्लक राहायचं नाही.

आमच्या खोलीत आई, बाबा, मी, माझा धाकटा भाऊ मधू, आणि पुढे मधूची बायको. मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. मी माझं लग्न चार वर्षं लांबवलं ते शिक्षणासाठी, असं लोक समजत होते. खरं कारण तो पडदा होता. तुला ते सांगितलं नव्हतं, पण तू ओळखलं होतंस, कारण एकदा तू मला म्हणालास, "तुही बायको ह्या खोलीत कुठी ठेवशील? मागावर टांगशील का?" मी हसलो होतो. नंतर घरी जाऊन मात्र हसू आलं नाही.

एका पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या खोलीचं धाबं खाली आलं. बशीरचाचाची म्हातारी आई त्याखाली सापडली. आपण दोघांनी आणि बशीरचाचानं हातांनी माती उकरून तिला बाहेर काढलं, ती चार दिवस बोलत होती, पाचव्या दिवशी गेली. त्या दिवसापासून लाईनीतला प्रत्येक जण झोपताना वर बघून झोपायचा. हे सगळं मुद्दाम लिहितोय. पुढे मी जे केलं त्याचं समर्थन म्हणून लिहितोय, हे तुझ्यापासून लपवत नाही.

महाराष्ट्र झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत विणकरांची सोसायटी उभी राहिली. तू पंच झालास. सोसायटीनं लाईन आपल्याकडे घेतली, सरकारची मंजुरी आली: दोन्ही रांगांची दुरुस्ती करायची आणि बारा नवी घरं बांधायची. मी तेव्हा नुकताच अमरावतीहून ओव्हरसियर होऊन आलो होतो आणि ते काम माझ्याच हाताखाली आलं. लाईनीतला पोरगा लाईन बांधणार म्हणून आईनं घरोघर गूळ वाटला. तू गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणालास, "आता भिंत पडली तं शिव्या कोनाले द्यायच्या ते ठरलं."

दुरुस्तीचे ते दिवस मला आजही चांगले आठवतात. माझ्या नोकरीत इतकं भांडून काम मी पुन्हा कधी केलं नाही. छापील नमुन्यात खोलीची फरशी सरळ होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शहाबादी. खड्ड्याचा उल्लेखच नव्हता. पुण्याकडचे एक साहेब पाहणीला आले, तुझ्या खोलीत शिरले आणि म्हणाले, "हे खड्डे आधी बुजवून टाका. माणसं पडतील यात." तू मागावरून न उठता म्हणालास, "सायेब, ह्या खड्ड्यात आमी रोजच पडतो. बाहेर निघालो तं उपाशी मरू." साहेबांना हसावं की रागवावं कळेना. मी ती संधी साधली आणि कागदावर लिहून घेतलं की प्रत्येक खोलीत मागाचा खड्डा कायम ठेवून, दगडाने बांधून द्यावा. खड्ड्याच्या कडा आपण घडीव दगडाच्या केल्या. बशीरचाचा त्यावर हात फिरवून म्हणाला, "बेटा, अशी कड तं माझ्या बापानं बी पाह्यली नाही."

मग खिडकीचं भांडण. मी खिडकी कमरेच्या उंचीवर धरली होती, जशी सगळीकडे असते. तू म्हणालास, "तुहे सायेब उभे राहून इनतात काय? आमी जमिनीवर बसतो. उजेड जमिनीवर पायजे." मी म्हणालो, इतक्या खाली खिडकी ठेवली तर बकऱ्या आत येतील. तू म्हणालास, "येऊ दे. बकरी हाकलता येते, अंधार हाकलता येत नाही." तीन दिवस आपण बोललो नाही. शेवटी खिडक्या तुझ्या म्हणण्याप्रमाणे खाली घेतल्या. बकऱ्या आल्याच. तुझ्या ताण्याचे अर्धे उभे दोरे एका बकरीनं चघळले, तेव्हा मी बुलडाण्याला होतो आणि ही बातमी मला दोन वेगवेगळ्या माणसांनी मुद्दाम येऊन सांगितली. तरी त्या खिडकीचा उजेड खड्ड्यात बसणाऱ्याच्या हातावर बरोबर पडतो. तुझं खरं होतं. हे मी तुला तेव्हाही म्हटलं होतं, पण पुटपुटत.

धाबी काढून कौलं चढवली, भिंतींना आतून चुना मारला, लाईन माणसाच्या राहण्याजोगी झाली. आता बारा नव्या घरांची पाळी. आणि ती बांधायची कुठे, याचा नकाशा मी काढायचा होता.

दोन रांगांमधल्या गल्लीचं काय काम होतं ते लाईनीबाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ताणा मागावर चढवायच्या आधी त्याच्या दोऱ्यांना ज्वारीच्या पिठाची खळ पाजावी लागते, नाहीतर विणताना ते तटातट तुटतात. त्याला पांजणी म्हणतात. त्यासाठी अख्खा ताणा लांब ताणून धरावा लागतो, चाळीस-पन्नास हात, सरळ, वाऱ्याच्या आडोशाला. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे घेऊन चालतात, खळ सारखी करतात, तुटलेला दोरा चालता चालता जोडतात. एकट्याचं ते कामच नाही. आज तुझा ताणा, उद्या माझा, परवा बशीरचाचाचा, आणि ज्याचा ताणा असेल त्यानं बाकीच्यांना चहा पाजायचा. तांबडं फुटायच्या आधी गल्ली भरायची आणि ऊन तापायच्या आत सगळं आटोपायचं. नऊ वाजता तिथे एक दोरा दिसायचा नाही. कोंबड्या फिरायच्या, एखादी बाई धान्य वाळत टाकायची, बाकी गल्ली रिकामी.

बाहेरच्या माणसाला ती रिकामी जागाच दिसणार. मी नकाशावर त्या पट्ट्यात लिहिलं, "मोकळी जागा". आणि त्याच जागेत बारा घरं काढली, सहा-सहाच्या दोन ओळी, दोन बाजूंना जाण्यायेण्यापुरत्या वाटा सोडून.

पुढे काय झालं ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. आखणीसाठी आदल्या संध्याकाळी चुन्याची फक्की मारून ठेवली होती. पहाटे लोक ताणा घेऊन बाहेर आले तर गल्लीत पांढऱ्या रेघा. आधी कुणाला कळेना. मग कळलं. बशीरचाचा रेघेच्या अलीकडे उभा राहून मला म्हणाला, "बेटा, ताना आता कुठी लावाव?" आवाज चढवलेला नव्हता. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मागून दोघं-तिघं बोलायला लागले की शिकून आला आणि घरावर नांगर फिरवला, कोणी म्हणालं रेघा पुसून टाका. कुणीतरी पायानं एक रेघ विसकटलीही.

तेवढ्यात तू पुढे आलास. कुंचा हातातच होता, त्यातून खळ गळत होती. माझ्याकडे एकदा बघितलंस आणि लोकांकडे वळून म्हणालास, "अरे, तो इसरला. चार साल हॉस्टेलात राह्यला, ठोकळे अन् चौकोन काढत बसला. पांजनी काय असते ते डोस्क्यातून निघून गेलं बिचाऱ्याच्या. त्याले काय फाशी देता?" आणि मग मला, "काऊन बे ओव्हरसेर, मायचं नाव तं आठवते ना?" लोक हसले. राग होता तो थट्टेवर गेला. मी मान खाली घातली, आणि ती त्यांना कबुली वाटली.

पंच म्हणून तूच पहिली सही केलीस. पांजणीचं काहीतरी पाहू म्हणालास. तुझ्यामागून बाकीच्यांनी अंगठे आणि सह्या दिल्या. मिरगाच्या आधी आठ घरांवर कौलं चढली, उरलेली चार दिवाळीपर्यंत. कुणाला नवं घर द्यायचं ती यादीही तूच केलीस. मधूचं नाव तिसरं होतं.

तेव्हापासून लाईनीत माझं नाव विसरभोळा ओव्हरसियर पडलं. कुणाच्या लग्नात मी दिसलो की विचारायचे, जेवण झालं का तेही विसरला असशील. आई जायच्या आधी तिनंसुद्धा मला विचारलं, एवढा कसा रे विसरलास. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. विसरभोळा ही पदवी मला फार स्वस्तात पडली होती.

आता ऐक. मी विसरलो नव्हतो.

विसरणं शक्यच नव्हतं. वयाच्या आठव्या वर्षापासून हॉस्टेलला जाईपर्यंत प्रत्येक पहाट मी त्या गल्लीत काढली होती. बाबांच्या ताण्याची लांबी मला पावलांत माहीत होती. नकाशावर ती जागा काढताना मी मोजपट्टी न लावता आकडा टाकला आणि तो बरोबर निघाला. घरं बांधायला दुसरी जागा होती, लाईनीमागची नाल्याकाठची. पण ती भरून घ्यावी लागली असती, भरावाला वेगळी मंजुरी, मंजुरीला आणखी एखादं वर्ष, आणि हातातली मंजुरी त्या वर्षी वापरली नसती तर परत गेली असती. मधूच्या बायकोला दिवस गेले होते. येणारं मूल आणखी एक पावसाळा त्या पडद्याआड नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आमच्यासारखी लाईनीत आणखी अकरा घरं होती, हे मी स्वतःला सांगायचो. खरं तर मी एकाच घराचा विचार केला.

तेच पुण्याकडचे साहेब जागेची पाहणी करायला येणार होते त्या दिवशी जीप बुलडाण्याहून पहाटेच निघायची होती. निघाली असती तर साहेबांनी गल्लीत ताणे लागलेले, तुम्ही सगळे कुंचे घेऊन चालताय, हे बघितलं असतं. मग तिथे घरं काढायला त्यांनी कधीच होकार दिला नसता, खड्ड्यांच्या वेळी ते शहाणे झाले होते. मी म्हणालो, साहेब, थंडी आहे, नाश्ता करून आरामात निघू. अकराला पोचलो. गल्लीत दोन कोंबड्या होत्या. साहेब म्हणाले, "ही एवढी जागा मोकळी पडलीय की." मी म्हणालो, हो साहेब.

ही ती गोष्ट. लिहून काढली तर इतकी थोडी झाली.

पुढची वर्षं आपण बघितली. तुम्ही ताणे घेऊन जालन्याच्या रस्त्याच्या कडेला गेलात. एस.टी. गेली की धूळ ओल्या खळीवर बसायची, आणि ते सूत विणताना हाताला कुसळासारखं लागायचं. मग नदीच्या पात्रात गेलात, तिथे वारा. पावसाळ्यात दोन्हीकडे जमायचं नाही. माणसं एकेक करून गळाली. कुणी कापसाच्या जिनात गेला, कुणी रस्त्याच्या कामावर, दोघं-तिघं औरंगाबादला. तू आणि बशीरचाचा दोघंच कितीतरी दिवस नदीवर जात राहिलात, दोन माणसांत पाच माणसांचं काम करत. चाचा गेल्यावर तू सोसायटीकडून तयार खळ लावलेला ताणा घ्यायला लागलास. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचास, "चांगला असते. पन आपला हात लागेल नसते त्याले."

यावरून आपलं भांडण व्हायचं, आठवतंय? मी म्हणायचो, गल्ली असती तरी हातमाग टिकला नसता, गिरणीपुढे कोण टिकलंय. तू म्हणायचास, "टिकला नसता तं नसता. पन तो आपल्या मौतीनं मेला असता." मी म्हणायचो, माग मेले म्हणून काय झालं, माणसं तर जगली, बारा घरांत एकाही पावसाळ्यात कुणी दबलं नाही. तू म्हणायचास, "हाव, ते बी खरं हाय." आणि पुन्हा धोटा फेकायला लागायचास. तू इतक्या लवकर कबूल करायचास की मला जिंकल्यासारखं कधी वाटलं नाही. ते भांडण तसंच राहिलं आहे. आजही मला वाटतं की मी परत त्याच जागेवर घरं काढीन. मधूची तिन्ही पोरं तिथे वाढली, थोरला आता माझ्या खांद्याला लागतो, आणि एकाही पावसात त्याच्या अंगावर वरून माती पडलेली नाही. माझं मत बदललेलं नाही. फक्त साहेबांना मी पहाटे आणीन, तुम्हाला सगळ्यांना समोर बसवीन आणि मग मागेन. कदाचित तुम्ही नाही म्हणाल. तो हक्क तुमचा होता, तो मी नाश्त्याच्या निमित्तानं काढून घेतला.

तुला नवं घर देत होते, तू घेतलं नाहीस. म्हणालास, नव्या घरात खड्डा नाही. खरंच नव्हता, मीच नकाशात काढला नव्हता. तू जुन्याच खोलीत राहिलास आणि मी आलो की खड्ड्यात पाय सोडून तसाच बसायचास, मी कडेवर. शेवटचा भेटलो तेव्हाही असाच बसला होतास. धोटा थांबवून मला विचारलंस, "काई म्हनायचं हाय काय तुले?" मी म्हणालो, काही नाही, खिडकीचं बिजागर ढिलं झालंय, ते बसवून घे. तू म्हणालास, "घेतो." नंतर आपण चहा प्यालो.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी निघण्याआधी वहिनींपाशी टेकलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, माझ्या एका विसरण्यापायी दशरथाला शेवटी फार त्रास झाला. अजूनही तोच शब्द तोंडात आला, विसरणं. इतक्या वर्षांची सवय.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी इसरले नोयते. ते मले त्याच दिवशी बोलले. पांजनी सोडून घरी आले, हात धुतले अन् म्हने, शंकर इसरनारा नाही. ज्याले खड्डा आठवला त्याले गल्ली आठवत नाही व्हय? अन् सायबाले अकरा वाजता आनलं त्यानं. इसरलेला मानूस टाईम पाहून येत नाही."

मी विचारलं, "मग सगळ्यांसमोर विसरला असं का सांगितलं त्यानं?"

"तुमच्या मधूच्या घरी पोरगं येनार होतं. म्हने, पावसाळा आला म्हंजे काय करन तो? अन् लोकायले खरं समजलं असतं तं त्याईनं तुमाले लाईनीत पाय ठेवू देल्ला नसता."

"पण मला? मला तरी म्हणायचं होतं. इतकी वर्षं."

"मीनं बी इचारलं, एकडाव नाही, चारडाव. म्हने, आपुन काढलं तं तो यायचा बंद होईन. त्याचं त्याले सांगू दे. सांगन तो." वहिनींनी पदर सारखा केला. "तुमी येऊन गेले का मी इचारो, आज बोलले काय भाऊजी? ते म्हनत, नाही, डाव्या भिंतीले चीर गेली म्हने."

मग मी बोललो. तुझ्या रिकाम्या मागासमोर, वहिनींना सांगितलं की मला माहीत होतं, मी जाणूनबुजून केलं, साहेबांना उशिरा मुद्दाम आणलं. सगळं सांगितलं. मोठ्यानं बोलायला मला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

"मले काय सांगता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याईले सांगाले पायजे होतं."

म्हणून तुला सांगतोय, दशरथ. गल्लीत काय चालायचं ते मला माहीत होतं. तू माझी वाट बघतोयस, हे माहीत नव्हतं.